१८८८ सालचा जुना दरवाजा

मंडळी, आधी एक कबुली देतो. ऑनसाईटला असताना एका शनिवारी एडिंबरोचा किल्ला पाहिला. पुढच्या दरवाजाचे पंधरा-वीस फोटो काढले आणि त्यातला एक बाबांना पाठवून खाली लिहिलं, "सातशे वर्षं जुना!" बाबांनी उभा जन्म सह्याद्रीत पायपीट केली आहे. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं: "दगडांच्या कडा इतक्या धारदार कशा रे?"

हॉटेलवर येऊन शोधाशोध केली. हा दरवाजा आणि त्याच्या पोटातल्या पहाऱ्याच्या खोल्या बांधल्या गेल्या १८८८ साली. म्हणजे मुंबईचं बोरीबंदर स्टेशन आणि हा 'प्राचीन' दरवाजा एकाच वयाचे!

आता या इमारतीत काय काय आहे ते बघा. पुढे खंदक, त्यावरून आत जाणारी वाट, मधोमध कमान, वर राजचिन्ह आणि एक लॅटिन वाक्य. 'मला डिवचणारा सुखरूप सुटत नाही' असा काहीसा त्याचा अर्थ. सगळं कसं अगदी गोष्टीतल्या किल्ल्यासारखं. पण या किल्ल्याला शेवटचा वेढा पडला तो १७४५ मध्ये, जॅकोबाइट बंडाच्या वेळी, आणि तोही फसला. त्यानंतर १४३ वर्षांनी हा दरवाजा उभा राहिला. अडवायचं कुणाला होतं?

हे लष्कराला कळत नव्हतं असं अजिबात नाही. फ्रान्सची खरोखर भीती वाटली तेव्हा, १८६० च्या दशकात, याच ब्रिटिशांनी पोर्ट्स्मथजवळच्या टेकडीवर किल्ले बांधले. ते जमिनीला चिकटलेले, बुटके, मातीच्या भरावात दडलेले आहेत. आटे पाडलेल्या नळीच्या नव्या तोफांपुढे उंच दगडी भिंत म्हणजे आयतं निशाण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे एडिंबरोचा दरवाजा शत्रूसाठी नव्हताच, तो पाहणाऱ्यांसाठी होता. आमच्या भाषेत सांगायचं तर निव्वळ फ्रंट एंड.

आपल्या रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन बुरुजांच्या आड असा लपवलाय की वळसा घेऊन अगदी पुढ्यात जाईपर्यंत दिसत नाही. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. हत्तीला धाव घ्यायला जागा नाही, तोफेला सरळ नेम नाही. एडिंबरोत नेमकं उलटं. समोर कवायतीचं लांबरुंद मैदान आणि त्याच्या टोकाला, सगळ्यांना सरळ दिसेल असा, हा दरवाजा.

आणि त्यातली खरी गंमत म्हणजे कमानीच्या दोन बाजूंचे पुतळे. एक विल्यम वॉलेसचा आणि दुसरा रॉबर्ट द ब्रूसचा. दोन्ही १९२९ साली बसवलेले. ब्रूसच्या मृत्यूला तेव्हा ६०० वर्षं झाली होती. तर या ब्रूसचा किल्ल्याशी संबंध काय? १३१४ मध्ये त्याचा सरदार थॉमस रँडॉल्फ याने तीसेक माणसं घेतली, रात्री उत्तरेचा कडा चढला आणि किल्ला इंग्रजांकडून घेतला. वाट दाखवणारा माणूस पूर्वी गावातल्या प्रेयसीला भेटायला त्याच कड्यावरून चोरून उतरायचा म्हणे. (तानाजीची आठवण झाली ना? घोरपड तेवढी नव्हती!) दरवाजा बिचारा बंदच राहिला. आणि किल्ला हाती आल्यावर ब्रूसने काय करावं? इंग्रजांना पुन्हा वापरता येऊ नये म्हणून तटबंदी पाडून टाकायचा हुकूम दिला. आज तोच त्या दारावर पहाऱ्याला उभा आहे.

खरा दरवाजा आत, चढावर आहे. १५७३ च्या वेढ्यात इथला जुना बुरूज तोफांनी कोसळला, त्यानंतर त्याच जागी तो बांधला. वरून खाली सोडायचा जाळीचा दरवाजा होता, तो ज्या खाचेतून सरकायचा ती खाच अजून दिसते. मात्र त्याच्या डोक्यावर १८८६-८७ मध्ये विल्यम नेल्सन या प्रकाशकाच्या पैशातून हिप्पोलाइट ब्लाँक नावाच्या वास्तुरचनाकाराने एक नवा 'जुना' मनोरा चढवला. आधीची साधी बांधणी त्या लोकांना पुरेशी किल्ल्यासारखी वाटत नव्हती, बहुतेक.

मी यावर हसलो खरा, पण पुरतं हसता आलं नाही. २०२५ मध्ये रायगडासह आपले मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले (त्यातला जिंजी तामिळनाडूत). आता कामं निघणार, ढासळलेल्या भिंती सावरल्या जाणार, नवे चिरे बसणार. ते व्हायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच, की नव्या चिऱ्यावर साल कोरा. नाहीतर सव्वाशे वर्षांनी कुणी पोरगा महाराजांच्या काळातला म्हणून आपल्याच कंत्राटदाराचा दरवाजा घरी पाठवेल, आणि त्याच्या बाबांना कडा ओळखता येतीलच असं नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तिकीट काढून आत गेलो. त्या खाचेचा फोटो काढला, जरा मागे सरकून अख्ख्या मनोऱ्याचा काढला, दोन्ही बाबांना पाठवले. या वेळी खाली काहीच लिहिलं नाही.

तासाभराने उत्तर आलं: "खालचं ठीक. वर जरा जास्तच चढवलंय."