सिडनी परिसरातील खाड्यांमधील छोटी होडी आणि गळाची मासेमारी : नावी ते कयाक – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

शांत खाड्या व कालवे यांतून कयाकमध्ये बसून कृत्रिम आमिषाने मासे पकडणे हा गेल्या काही दशकांत जगभर पसरलेला छंद आहे. या छंदाचा इतिहास सामान्यतः प्लॅस्टिकच्या कयाकपासून सांगितला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या, विशेषतः सिडनी परिसराच्या खाड्यांचे उदाहरण घेऊन असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, हलकी होडी, आखूड वल्हे आणि चमकणारा गळ ही सामग्री या पाण्यावर नवीन नाही. तेथील मूलनिवासी स्त्रियांचे ते उपजीविकेचे साधन होते. १७८८ नंतर पाण्यावरील हक्क कसे बदलत गेले, याचाही मागोवा येथे घेतला आहे.

बीजशब्द : नावी, कयाक, कृत्रिम आमिष, खाडी, मूलनिवासी स्त्रिया, मासेमारीचा हक्क.

प्रस्तावना

मासेमारीच्या इतिहासात मोठी जहाजे, मोठी जाळी आणि मोठी बंदरे यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे खाडीतल्या एका माणसाच्या होडीला मिळालेले नाही. खाडीचे पाणी उथळ असते, तेथे लाटांचा जोर नसतो व भरती-ओहोटीच्या वेळा ठरलेल्या असतात. त्यामुळे अल्प साधनांच्या माणसाला, स्त्रियांना व मुलांनाही तेथे अन्न मिळविता येते. म्हणूनच खाडीचा इतिहास हा बऱ्याच अंशी सामान्य माणसाच्या चुलीचा इतिहास असतो. आज याच पाण्यात कयाक घेऊन उतरणारा मासेमार बहुधा चुलीसाठी उतरत नाही. हा बदल केवळ साधनांचा आहे की हक्कांचाही, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) सिडनी परिसरातील मूलनिवासींच्या होडी-गळाच्या मासेमारीचे स्वरूप समजून घेणे. २) कयाक व कृत्रिम आमिष यांच्या विकासाचा थोडक्यात आढावा घेणे. ३) १७८८ पासून आजपर्यंत या खाड्यांवरील हक्कांत झालेल्या बदलांचे विश्लेषण करणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रकाशित, द्वितीयक साधनांवर आधारित आहे.

नावी, बरा आणि खाडीवरील स्त्रिया

जानेवारी १७८८ मध्ये आर्थर फिलिप यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांची वसाहत सिडनीच्या खाडीकाठी स्थापन झाली. त्या वेळी या पाण्यावर अनेक लहान होड्या दिसत असत. वॉटकिन टेंच, डेव्हिड कॉलिन्स व जॉन हंटर या अधिकाऱ्यांच्या लेखनात त्यांची वर्णने आढळतात. स्थानिक भाषेत या होडीला 'नावी' म्हणत. आपल्या 'नाव' या शब्दाशी असलेले तिचे साम्य योगायोगाचे समजावे. झाडाची एक अखंड साल सोलून काढायची, तिची दोन्ही टोके चुणून वेलीने वा दोरीने बांधायची आणि फटी झाडाच्या राळेने बुजवायच्या, एवढीच तिची घडण होती. वल्हवणारी व्यक्ती दोन्ही हातांत सालीची आखूड वल्ही धरून बसे. होडीच्या तळाशी मातीचा थर देऊन त्यावर विस्तव ठेवलेला असे. पकडलेला मासा तेथेच भाजून मुलांना देता येई.

येथे श्रमविभागणी स्पष्ट होती. पुरुष अनेक टोकांच्या भाल्याने मासे मारीत आणि गळ व दोरी हे स्त्रियांचे साधन होते. काही मुलींच्या डाव्या करंगळीची पेरे लहानपणीच काढून टाकीत. ही प्रथा मासेमारीच्या कामाशी संबंधित असल्याचे इंग्रज लेखकांनी नोंदविले आहे. झाडाच्या आतील सालीचे तंतू वळून दोरी केली जाई. गळाला 'बरा' म्हणत. तो मोठ्या समुद्री शंखाच्या कवचापासून, वालुकाश्माच्या कानशीने घासून तयार करीत. त्याचा आकार चंद्रकोरीसारखा असून त्याला उलटा काटा नसे. आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर असे गळ सुमारे गेल्या हजार वर्षांतील थरांत सापडतात.

या गळाचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शंखाच्या आतील बाजूची मोत्यासारखी झळाळी पाण्यात चमके आणि तीच माशाला ओढून आणी. स्त्रिया शिंपल्यांचे मांस चावून ते पाण्यात टाकीत, जेणेकरून मासे होडीभोवती जमावेत. म्हणजे गळ हेच आमिष, ही कल्पना येथे पूर्वीपासून होती. आजच्या परिभाषेत ज्याला कृत्रिम आमिष म्हणतात, त्याचे तत्त्व याहून वेगळे नाही.

या स्त्रियांपैकी एकीचे नाव इतिहासात ठळकपणे टिकून आहे. कॅमेरेगल समाजातील बारंगारू ही बेनेलाँगची पत्नी व स्वतः मच्छीमार होती. इंग्रजांनी देऊ केलेले कपडे तिने स्वीकारले नाहीत. १७९१ मध्ये तिचा मृत्यू झाला. तिच्या लोकांची अडचण समजण्यासारखी आहे. इंग्रज आपल्याकडील रापणीच्या जातीची ओढजाळी टाकीत आणि पकडलेले मासे वाटण्याचा अधिकार त्यांच्या हाती जाई. जी स्त्री स्वतःच्या गळाने कुटुंबाला अन्न देत होती, तिच्या स्थानाला यामुळे धक्का बसला. एप्रिल १७८९ मध्ये देवीची साथ आली. बेनेलाँगकडून मिळालेल्या माहितीवरून फिलिप यांनी परिसरातील निम्मे मूलनिवासी दगावल्याचा अंदाज नोंदविला आहे. तरीही मासेमारी थांबली नाही. मूलनिवासींनी लोखंडी गळ स्वीकारले, शहरवासीयांना मासे विकले आणि बॉटनी बेच्या काठी ला पेरूज येथे त्यांची वस्ती व मासेमारी पुढेही टिकून राहिली.

कयाक : शिकारीचे साधन ते प्लॅस्टिकचे वाहन

कयाक मूळची ऑस्ट्रेलियातील नव्हे. ती उत्तर ध्रुवप्रदेशातील इन्युइट व त्यांच्या शेजारच्या समाजांची देणगी होय. वाहून आलेल्या लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती तयार होत असे. सीलच्या जवळ आवाज न करता पोहोचणे हा तिचा हेतू होता. तिची मापे वल्हवणाऱ्याच्या शरीरावरून ठरत. अंगरख्याप्रमाणे ती एका माणसाची असे.

युरोपात तिला छंदाचे रूप देण्याचे श्रेय जॉन मॅकग्रेगर यांच्याकडे जाते. त्यांनी १८६५ मध्ये 'रॉब रॉय' नावाच्या लाकडी होडीतून युरोपच्या नद्या व सरोवरे पालथी घातली आणि १८६६ मध्ये प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. १९०५ मध्ये म्युनिकमधील विद्यार्थी आल्फ्रेड हॉयरिख याने घडी होणारी कयाक बनविली. १९०७ पासून रोझेनहाइमचे योहान क्लेपर यांनी तिचे उत्पादन हाती घेतले. १९७० च्या दशकात पॉलिएथिलिन साच्यात फिरवून अखंड कयाक काढण्याचे तंत्र रूढ झाले. त्याच काळात कॅलिफोर्नियात टिम नीमियर यांनी उघड्या बैठकीची कयाक विकसित केली. तिच्यात आलेले पाणी तळाच्या छिद्रांतून आपोआप निघून जाते. १९९७ मध्ये हॉबी या कंपनीने पायाने चालविण्याची यंत्रणा आणली व मासेमाराचे दोन्ही हात गळासाठी मोकळे झाले.

कृत्रिम आमिषांचा औद्योगिक इतिहासही याला समांतर आहे. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल यांना १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे पेटंट मिळाले. फिनलंडमध्ये लाउरी रापाला यांनी १९३६ च्या सुमारास जखमी माशासारखे डोलत पोहणारे आमिष कोरले. १९४९ मध्ये निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. चकाकी, हालचाल आणि मऊपणा या तीन गुणांवर आजचा सारा बाजार उभा आहे. यांपैकी पहिला गुण सिडनीच्या स्त्रियांना परिचित होता, हे वर पाहिलेच आहे.

कालवे : मानवनिर्मित शांत पाणी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होडीप्रमाणे पाणीही घडविले जाऊ लागले. बॉटनी बेला मिळणाऱ्या जॉर्जेस नदीच्या काठी ग्वॉली बे नावाचा उथळ भाग होता. एकोणिसाव्या शतकात थॉमस होल्ट यांनी तेथे ऑयस्टर शिंपल्यांच्या शेतीचा प्रयोग केला होता. १९६० च्या दशकात हाच भाग उकरून व भराव टाकून सिल्व्हानिया वॉटर्स ही वसाहत उभी राहिली. घराच्या पुढे रस्ता व मागे कालवा, अशी तिची रचना आहे. अशा वसाहतींमुळे खारफुटी, चिखलाचे पट्टे व पाण्याची गुणवत्ता यांवर होणारे परिणाम लक्षात आल्यावर न्यू साउथ वेल्स शासनाने १९९७ मध्ये नव्या कालवा-वसाहतींना बंदी केली.

माशांनी मात्र या रचनेशी जुळवून घेतले. ब्रीम हा मासा खांब, तरंगते धक्के व बांधलेल्या नौका यांच्या सावलीत राहतो आणि तेथे चिकटलेले शिंपले खातो. सुकती लागली की लहान मासे कालव्याच्या तोंडातून बाहेर येतात. तेथे फ्लॅटहेड हा चपटा मासा तळाशी दबा धरून असतो. इंजिनाच्या नौकेचा आवाज व सावली यांनी असे मासे बिचकतात. काही इंच पाण्यात तरंगणारी निःशब्द कयाक धक्क्याच्या अगदी जवळ नेता येते आणि आमिष थेट सावलीत टाकता येते. सीलसाठी घडविलेला निःशब्दपणा येथे ब्रीमसाठी उपयोगी पडला. साधनाचा गुण टिकला, प्रयोजन बदलले.

पाणी कोणाचे? १९९० नंतरचे बदल

१९९४ मध्ये क्यूएक्स या रोगाने जॉर्जेस नदीतील ऑयस्टर शिंपल्यांची शेती उद्ध्वस्त केली. २००१ मध्ये राज्यात समुद्र व खाडीतील हौशी मासेमारीलाही शुल्क लागू झाले. २००२ मध्ये ३० ठिकाणे 'हौशी मासेमारीची आश्रयस्थाने' म्हणून घोषित झाली. बॉटनी बे व लेक मॅक्वारी यांचा त्यांत समावेश होता. तेथील व्यावसायिक मच्छीमारांचे परवाने शुल्काच्या आधारे विकत घेण्यात आले. हौशी मासेमारांच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. मात्र पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने तो एका व्यवसायाचा शेवट होता. मोबदला मिळाला तरी कौशल्याचे हस्तांतर थांबते, याची नोंद आर्थिक हिशेबात होत नाही.

सिडनीच्या मुख्य खाडीची कथा याहून बोलकी आहे. रासायनिक कारखान्यांतून साचलेल्या डायॉक्सिन या विषारी द्रव्यामुळे २००६ मध्ये तेथील व्यावसायिक मासेमारी बंद करण्यात आली. हार्बर पुलाच्या पश्चिमेकडील मासे खाऊ नयेत, असा सल्ला हौशी मासेमारांना देण्यात आला. मासा पकडून सोडून देणे ही या छंदातील नीती मानली जाते व ती स्तुत्य आहे. तथापि येथे ती निवडीइतकीच अपरिहार्यतेचीही बाब झाली. ज्या खाडीत मासा होडीतच भाजला जात असे, तिच्याच एका भागात तो खाण्यायोग्य उरला नाही.

मूलनिवासींच्या हक्कांचा प्रश्नही अनुत्तरितच राहिला. त्यांच्या सांस्कृतिक मासेमारीला मान्यता देणारी कायद्यातील दुरुस्ती २००९ मध्ये संमत झाली, पण ती अनेक वर्षे अमलात आणली गेली नाही. २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या समितीला या विलंबाची चौकशी करावी लागली. दुसरीकडे, सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने २०१२ मध्ये मूलनिवासींच्या होड्यांवर 'नावी' याच नावाने परिषद भरविली. स्मृतीला मान्यता मिळाली, हक्काला मात्र वाट पाहावी लागली.

निष्कर्ष

१) हलकी होडी व चमकणारा गळ यांनी खाडीत मासे पकडण्याची पद्धत सिडनी परिसरात कयाकपूर्व असून ती प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होती.

२) आजची कयाक-मासेमारी ही दोन वेगळ्या मूलनिवासी परंपरांशी नाते सांगते. होडीची कल्पना ध्रुवप्रदेशातून आली आणि पाणी सिडनीच्या मूळ रहिवाशांचे आहे. छंदाच्या प्रचलित इतिहासात दोघांचाही उल्लेख अपवादाने होतो.

३) पाण्यावरील हक्क उपजीविका, व्यवसाय व छंद असा सरकत गेला. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या गटाचे ज्ञान मागे पडले.

४) कयाक स्वतः पाण्याची हानी करीत नाही, खारफुटी तोडीत नाही व मासेही थोडेच पकडते. म्हणून दोष साधनाचा नसून, पाण्याच्या वाटपाचे निर्णय घेताना कोणाला विचारले गेले, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. रायगडात जिताडा व गोव्यात चोणक म्हणून ओळखला जाणारा मासा आणि उत्तर ऑस्ट्रेलियातील हौशी मासेमारांचा आवडता बॅरामुंडी हे एकाच जातीचे आहेत. कोकणच्या खाड्यांतही पाग टाकणारे, गळ लावणारे आणि ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या स्त्रिया आहेत. उद्या या पाण्यात पर्यटनाच्या निमित्ताने रंगीत कयाक वाढतील आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्या वेळी खाडीचा उपयोग ठरविताना त्या स्त्रियांची नोंद आधी झालेली असावी, एवढी अपेक्षा सिडनीच्या अनुभवावरून व्यक्त करणे योग्य ठरेल. अशी नोंद करणे हे स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे काम आहे.