बाळाचा घास : मराठवाड्यातील मातृशिक्षणाची वाटचाल



मूल रडले की आई धावते, हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु मुलाचे पोट भरलेले दिसूनही त्याचे पोषण होत नसेल, ही गोष्ट मात्र शिकावी लागते. ती आपल्या भागातील आयाबायांपर्यंत कशी पोहोचली, याचा थोडा इतिहास स्मरणिकेच्या निमित्ताने आपणापुढे ठेवीत आहे.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो बाया दुष्काळी कामांवर खडी फोडीत होत्या. सरकारने तेव्हा सुकडी वाटली, परदेशातून तांबडी मिलो आली. सुकडीने पुष्कळ जीव जगविले, हे उपकार विसरता येत नाहीत. पण वाटप थांबले की घरची चूल पूर्वीसारखीच राही.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रातील पहिल्या ठिकाणांत मेळघाटातील धारणी होते. मग हळूहळू आपल्याकडेही गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. तेथे तीन ते सहा वर्षांची मुले येत व खाऊ खात. मातांना आहाराचे शिक्षण देणे हेही योजनेतच होते. पण खाऊवाटपापुढे ते मागे पडले. शिवाय दोन वर्षांच्या आतील मूल काही आपल्या पायांनी अंगणवाडीत जात नाही. त्याचा घास आईच्याच हाती.

हे ओळखले मराठवाड्याच्या शिवेवरील जामखेड येथे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे काम आरंभिले. गावातील साध्या, पुष्कळशा निरक्षर बायांना त्यांनी आरोग्याचे धडे दिले आणि त्याच बाया घरोघर शिकवू लागल्या. शेजारीण सांगते ते सुनेलाही पटते व सासूलाही. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मराठवाड्यात बालमृत्यूंच्या बातम्यांनी खळबळ उडाल्यावर २००२ साली तेव्हाचे औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी विभागातील मुलांची वजने नीट घेण्याची मोहीम काढली. तिच्यातूनच २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंतचा काळ सर्वांत मोलाचा, हे त्याचे सूत्र.

शिकवण साधीच आहे. बाळंतिणीचा पहिला पिवळा चीक टाकू नये. जन्मल्यावर तासाभरात बाळाला पाजावे. सहा महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. त्यानंतर दुधाच्या जोडीला घट्ट व मऊ अन्न द्यावे. आपल्याकडे वरणाच्या वरचे पाणी पाजण्याची रीत आहे. त्याने पोट भरते, अंग भरत नाही. मुगाची वा तुरीची दाटसर डाळ, ज्वारीची भाकरी कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचा बारीक कूट, शेवग्याचा पाला, चालत असेल तर अंडे—यातले बहुतेक आपल्या घरातच असते.

याचे फळ दिसले. राज्यात दोन वर्षांखालील शंभर मुलांपैकी २००५-०६ साली सुमारे ३९ मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१२ च्या पाहणीत ती सुमारे २३ निघाली. परंतु पुढे गाडी अडली. पाच वर्षांखालील मुलांमध्ये हेच प्रमाण २०१५-१६ साली शंभरी ३४ होते, ते २०१९-२१ मध्ये ३५ झाले.

असे का व्हावे? याची कारणे अनेक असतील. एक मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहे. सोयाबीन खुरपायला किंवा ऊसतोडीला गेलेल्या आईला सारे ठाऊक असूनही बाळाला दिवसातून तीनचार वेळा भरवायला सवड कोठून मिळावी? मूल आजीपाशी असते, नाहीतर थोरल्या बहिणीपाशी. दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे भरून येणे फार कठीण. म्हणून ही शिकवण एकट्या आईला देऊन भागणार नाही. आजीने, बापाने, शेजारणीनेही ती घेतली पाहिजे.

तेव्हा आपल्या मंडळाने या वर्षी अंगणवाडीताईंना बोलवावे आणि त्या दिवशी सुनांबरोबर सासवांनीही अगत्य यावे, एवढीच नम्र विनंती.