‘उठून बस, मग कूस बदल’

आजचा भाग जरा घरगुती आहे, पण जायचंय लांब. चरकापासून निघून, अमेरिकेतल्या डॅलसमार्गे, थेट न्यूझीलंडला.

माझ्या बहिणीला सातवा लागला तेव्हा आजीने तिच्याच खोलीत मुक्काम ठोकला. रात्री हिने जरा हालचाल केली की अंधारातून आवाज यायचा, ‘उठून बस, मग कूस बदल.’ का? तर झोपल्या झोपल्या वळलं की बाळाच्या गळ्याभोवती नाळ गुंडाळते. आणि उताणं झोपायचं तर नावच नको. बहीण वैतागायची. ‘आजी, सातवा महिना आहे, दर वेळी उठून बसणं म्हणजे डोंगर चढणं आहे गं!’ तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी हे ऐकलं असेल. मला प्रश्न पडला, हे आलं कुठून?

एक धागा फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची यादी आहे. उकिडवं बसणं, खाचखळग्याच्या जागी बसणं, खोल विहिरीत डोकावणं वगैरे. त्यातच येतं की जी गर्भिणी सतत उताणी झोपते तिच्या गर्भाची नाळ त्याच्या गळ्याला वेढा घालते. म्हणजे आजीचं कारण आणि चरकाचं कारण एकच. उठून बसून वळायचं मात्र त्या वाक्यात नाही, ती भर नंतर कुठेतरी पडली.

पण ती यादी पुढे वाचा. भांडखोर बाईचं मूल अपस्माराचं होतं, म्हणजे फेफऱ्याचं. सतत झोपणारीचं मूल मंदबुद्धी. दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ आहे, त्याला आजच्या फूटपट्टीने मोजायचं नाही हे मान्य. तरी एक गोष्ट नजरेत भरतेच. बाळाला काहीही झालं की बोट आईकडे.

(जाता जाता, आपण दुपारच्या झोपेला वामकुक्षी म्हणतो ना, त्याचा अर्थ मुळात डावी कूस. पण ते जेवणानंतरच्या पचनासाठी सांगितलेलं. त्याचा गरोदरपणाशी काही संबंध नाही.)

नाळेचं काय? गळ्याभोवती नाळ असलेली बाळं कमी नसतात, साधारण चार-पाच जन्मांत एक. बहुतेक ठणठणीत असतात. बाळ पाण्यात स्वतःच कोलांट्या मारतं, त्यात नाळ अडकते. आई कशी वळली याने ती गुंडाळत नाही. म्हणजे कारण चुकलं. गंमत अशी की सल्ला मात्र पूर्ण चुकला नाही.

आता विसाव्या शतकात या. शेवटच्या महिन्यांत काही बायका तपासणीच्या टेबलावर उताण्या झोपल्या की पांढऱ्याफटक पडायच्या, घाम फुटायचा, रक्तदाब कोसळायचा. कुशीवर वळवलं की पाच मिनिटांत बऱ्या. १९५३ साली हॉवर्ड, गुडसन आणि मेंगर्ट या अमेरिकन डॉक्टरांनी डॅलसमधून यावर निबंध लिहिला आणि या प्रकाराला नाव रूढ झालं, ‘सुपाइन हायपोटेन्सिव्ह सिंड्रोम’. सुपाइन म्हणजे उताणं. कारण साधं आहे. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर पाठीच्या कण्याला लागून, किंचित उजवीकडे असते. भरलेलं गर्भाशय तिच्यावर बसतं, शीर दबते, हृदयाकडे रक्त कमी परततं. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये कर आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांखाली ही दबलेली शीर प्रत्यक्ष पाहिली. मग सगळ्याच बायकांना चक्कर का येत नाही? कारण रक्त आडवाटांनी वर जातं, आणि बहुतेकींचं शरीर तेवढ्यावर निभावतं.

शीर उजवीकडे, म्हणून डावी कूस बरी. सिझेरियनच्या टेबलावर उजव्या नितंबाखाली उशी सरकवतात, तेही यासाठीच. पण हे सगळं दवाखान्यातलं. घरी, रात्रभर, झोपेत काय होतं हे पुढची कित्येक वर्षं फारसं कुणी विचारलंच नाही.

विचारलं ऑकलंडमध्ये. न्यूझीलंडला या प्रश्नाची ओळख होती. १९८७ ते १९९० दरम्यान तिथे एड मिचेल यांच्या गटाने दाखवलं होतं की पालथं झोपवलेली तान्ही बाळं पाळण्यात अचानक दगावण्याचा धोका जास्त. बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम झाली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. तेच मिचेल पुढे टोमासिना स्टेसी या सुईणीच्या अभ्यासात होते. २८ आठवड्यांनंतर ज्यांचं बाळ पोटात गेलं अशा १५५ बायका आणि तितकेच दिवस भरलेल्या ३१० गरोदर बायका. प्रत्येकीला विचारलं, शेवटच्या रात्री कशी झोपली होतीस? २०११ साली निष्कर्ष छापून आला. डाव्या कुशीवर झोपलेल्यांत धोका हजारी सुमारे दोन, इतरांत सुमारे चार.

दुप्पट! बातम्या तशाच झाल्या. हजारात दोनाचे चार, हा भाग मागे पडला. आणि आणखी एक अडचण होती. जिचं बाळ नुकतंच गेलंय ती शेवटची रात्र शंभर वेळा आठवून बसलेली असते. तिची आठवण आणि सुखरूप बाईची आठवण सारखी कशी असेल?

इथे मला आजी आठवते. तिचं दुसरं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हा सासूने पहिला प्रश्न विचारला होता, ‘उताणी झोपली होतीस का?’ आजीने हे आम्हाला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता. ऑकलंडच्या सुईणीचा प्रश्न तोच होता. पण ती विचारून लिहून घेत होती, आणि मग आणखी ३१० जणींना विचारत होती. आजीच्या सासूने उत्तर आधीच ठरवलं होतं.

मग ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका इथूनही अभ्यास आले. २०१९ मध्ये सगळ्यांची मूळ माहिती एकत्र केली, ८५१ बाळं गेलेल्या आया आणि २,२५७ इतर. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपी जाण्याचा धोका टिकला, अडीच पटींच्या आसपास. पण डावी आणि उजवी कूस सारखीच निघाली! त्याच वर्षी अमेरिकेत साडेआठ हजारांहून जास्त पहिलटकरणींना झोपेबद्दल आधीच, काही घडण्यापूर्वी, विचारलेला अभ्यास आला. त्यात तिसाव्या आठवड्यापर्यंत कुशीचा काही फरक दिसला नाही.

म्हणून आता ब्रिटनमध्ये सांगतात ते इतकंच आहे: २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपा, कुठल्याही. दुपारची डुलकी असली तरी. रात्री जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरू नका, वळा आणि परत झोपा. उठून बसायची गरज नाही.

बहीण एका पहाटे उताणी जागी झाली होती आणि बाळ हलेपर्यंत रडत बसली होती. आजी उठली, काही बोलली नाही. जुन्या लुगड्याची जाड घडी केली, तिच्या पाठीमागे खोचली, आणि दुसरी पोटाखाली. आज दुकानात हजार-दोन हजारांना ‘प्रेग्नन्सी पिलो’ मिळते, तिचं काम हेच.

पुढच्या भागात बाळंतपण खाटेवर कधी आलं, त्याबद्दल बोलू. तुमच्या घरातले असे सल्ले असतील तर कळवा.