पुठ्ठ्याचा संगणक

संगणकप्रणाली उभारताना ती वापरणाऱ्यांना विचारात घ्यावं, असं आज कुठलीही कंपनी सांगते. पण या रिवाजाची एक ठळक मुळी कंपन्यांच्या दालनात नाही. ती नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेत आहे. तिथे ही मागणी होती, हक्काची.

ऑस्लोमध्ये क्रिस्टन निगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी १९६०च्या दशकात ‘सिम्युला’ ही संगणकभाषा घडवली. पुढे सी++ आणि जावा तिच्याच वाटेने आल्या आणि दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या भाषेत कारखान्यातल्या कामाचं हुबेहूब गणित मांडता येई. निगार्ड यांना एक गोष्ट बोचू लागली: हे गणित व्यवस्थापनाच्या हाती जातं, आणि त्यातून ज्यांचं काम बदलतं त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

१९७०च्या दशकाच्या आरंभी ते धातू कामगार संघटनेसोबत कामाला लागले. आधीचा बेत साधा होता: अभ्यास करायचा, अहवाल लिहायचा, संघटनेला द्यायचा. थोड्याच काळात त्यांना उमगलं की अशा अहवालाने कारखान्यात काहीच हलणार नाही. मग त्यांनी बेतच उलटा केला. स्थानिक कामगार स्वतः शिकून, चर्चा करून जे पाऊल उचलतील, तेच प्रकल्पाचं फलित मानायचं ठरलं. संशोधकाने आपला अहवाल बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या कृतीला फलित म्हणणं सोपं नाही. या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय हाच होता.

त्याचे परिणाम कागदावरही उमटले. १९७५मध्ये कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात संगणकप्रणालींबाबत राष्ट्रीय करार झाला. संगणकाच्या प्रश्नांसाठी कामगारांचे वेगळे प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. १९७७च्या कामविषयक कायद्याने प्रणालींच्या आखणीत कामगारांचा सहभाग मान्य केला.

हाच धागा पुढे नेत स्वीडन-डेन्मार्कच्या संशोधकांनी १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ प्रकल्प चालवला, तो नॉर्डिक देशांतल्या छपाई कामगारांच्या संघटनेबरोबर. वर्तमानपत्राची पानं लावणाऱ्यांसाठी नवी साधनं घडवायची होती. संशोधकांनी नेहमीच्या पद्धतीने आराखडे काढून दाखवले. पानं लावणाऱ्यांना त्यात आपलं काम कुठे दिसेना. तेव्हा पुठ्ठा आणि कागद आणले गेले. कागदाचा पडदा झाला, आणि एका रिकाम्या खोक्यावर नाव लिहिलं की तो लेझर प्रिंटर. या खोट्या यंत्रांपुढे बसून कारागीर खरं काम करून पाहू लागले, आणि कुठे अडतंय ते दाखवून देऊ लागले. आयुष्यभर हातांनी मिळवलेलं ज्ञान प्रश्नावलीत उतरत नाही; काम सुरू झालं की ते आपोआप बाहेर येतं.

स्टॉकहोमच्या ‘आफ्टनब्लाडेट’ या दैनिकात तयार प्रणालीची चाचणीही झाली. बाजारात ती फारशी रुजली नाही. पद्धत मात्र अटलांटिक ओलांडून गेली. १९९०मध्ये सिएटलला सहभागी आखणीवरची पहिली परिषद भरली. पुठ्ठ्याचे नमुने जगभरच्या कंपन्यांनी उचलले. करार आणि कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी या प्रवासात बहुतेक ठिकाणी मागेच राहिले, त्यामुळे वापरणाऱ्याला विचारलं जातं, पण नकाराचं बळ त्याच्याकडे क्वचितच असतं.