सूज आणि बाळसे : अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे व शरीरातील जलसंचय

सूज म्हणजे बाळसे नव्हे, हे मराठी माणूस पूर्वापार म्हणत आला आहे. अर्वाचीन बलोपासनेत हा भेद कसा पुसट झाला, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

खामगाव ज्या वऱ्हाडात मोडते त्याच प्रांतातील अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविली. आदल्याच वर्षी बुटेनांट व रुझिका या शास्त्रज्ञांनी टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत सिद्ध केले होते. बळ मिळविण्याच्या तालमीच्या वाटेशेजारी रसायनाची वाट उघडली ती अशी.

या दुसऱ्या वाटेवरील धोका लवकरच उघड झाला. लैंगिक संप्रेरकांमुळे मूत्रपिंडे सोडियम रोखून धरतात, असे थॉर्न व एंगेल यांनी १९३८ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले. सोडियमबरोबर पाणीही शरीरात साठते. १९५८ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या मेथॅन्डिएनोनमध्येही हा दोष होताच. वाढलेल्या वजनातील काही भाग निव्वळ पाण्याचा असे. काट्यावर मात्र तेच बाळसे ठरे.

त्यावर उपाय कोणता? चरकसंहितेने उदररोग्यास मीठ वर्ज्य सांगितले आहे. रोगाचे कारण येथे निराळे असले, तरी मीठ आणि पाणी यांचा संबंध तोच. आजचे डॉक्टरही मूळ औषध देखरेखीखाली बंद करवितात, मीठ कमी करवितात व रक्तदाबावर लक्ष ठेवतात. वजनगटांत खेळणाऱ्या कित्येकांनी मात्र मूत्रल औषधांची आडवाट धरली. त्यांनी पाणी उतरते, मूत्राचा नमुनाही पातळ होतो. परंतु पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडण्याचे भय असते. १९८८ साली सेऊल येथे फ्युरोसेमाइड आढळल्यामुळे बल्गेरियाच्या दोन भारोत्तोलकांची सुवर्णपदके काढून घेण्यात आली.

महाराष्ट्राच्या कुस्तीसही हा प्रश्न परका राहिला नाही. २०१६ साली ‘महाराष्ट्र केसरी’ नरसिंग यादव यांच्या नमुन्यांत मेथॅन्डिएनोन आढळले. आपल्याविरुद्ध घातपात झाल्याचे त्यांचे म्हणणे देशातील शिस्तपालन समितीने मान्य केले. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते न स्वीकारता चार वर्षांची बंदी घातली. त्या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. एवढे मात्र स्पष्ट की, वजनाचा काटा बळाची साक्ष देत नाही. साठलेले पाणी उतरविणे हा वैद्यकाचा प्रश्न होय. त्यास बळ मानणे हा दृष्टीचा दोष होय.