ध्वजावरचा कुलचा आणि गणतीतून वगळलेला निजाम

म्हैसूरच्या वाडियारांच्या राजचिन्हावर गंडभेरुंड हा दुतोंडी पक्षी होता. हैदराबादच्या आसफजाही घराण्याच्या पिवळ्या ध्वजावर मात्र मधोमध एक गोल होता आणि परंपरेनुसार तो गोल म्हणजे कुलचा, तंदुरात भाजलेली रोटी! आजचे नांदेड आणि लातूर जिल्हे १९४८ पर्यंत याच ध्वजाखाली होते.

या रोटीची कथा मराठवाड्यातलीच. मीर कमरुद्दीन, म्हणजे पुढचा पहिला निजाम, औरंगाबादचे चिश्ती सूफी शाह निजामुद्दीन यांच्या भेटीस गेला. संतांनी पिवळ्या वस्त्रात बांधलेले कुलचे त्याच्यापुढे ठेवले. त्याने सात खाल्ले, तेव्हा ‘तुझ्या सात पिढ्या राज्य करतील’ असा आशीर्वाद मिळाला, असे सांगतात. ध्वजाचा रंग त्या वस्त्राचा, गोल त्या कुलच्याचा.

भेट अशीच घडली का, हे सिद्ध करता येत नाही. कथेची गरज मात्र स्पष्ट दिसते. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिजखानाचा पराभव करून कमरुद्दीनने दख्खन ताब्यात घेतले, तेव्हा तो नावाला मोगल बादशहाचा सेवकच होता. दख्खनच्या मातीतल्या संताचा आशीर्वाद त्या सत्तेला दिल्लीबाहेरचा आधार देत होता.

आता सातचा हिशेब. १७४८ मध्ये पहिला निजाम वारला. त्यानंतर नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग असे तिघे गादीवर आले; तरीही १७६२ मध्ये सत्ता घेणारा निजामअली ‘दुसरा आसफजाह’ ठरला. नासिरजंग, सलाबतजंग आणि निजामअली हे सख्खे-सावत्र भाऊ, तर मुजफ्फरजंग मुलीचा मुलगा. त्यामुळे थेट वंशरेषेने पिढ्या मोजल्या तर सात बरोबर भरतात. राज्यकर्ते मोजले तर दहा होतात.

या वगळण्याची खूण लातूर जिल्ह्यात आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला कोंडीत पकडले आणि सुमारे ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, दौलताबादच्या किल्ल्यासह, मिळवला. त्या वेळी गादीवर सलाबतजंग होता. हैदराबादच्या इतिहासातील एक मोठी हार ज्याच्या कारकिर्दीत झाली, तो नेमका ‘सातां’मध्ये नाही. (रणांगणावर त्याच्यासोबत असलेला निजामअली मात्र आहे.)

सातव्या निजामाच्या ध्वजावर ‘या उस्मान’ ही अक्षरे होती. त्याच मीर उस्मानअलीच्या नावाने धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि लातूर १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग राहिले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी या संस्थानात तिरंगा उभारणे हा गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. पुढचे वर्ष रझाकारांच्या दहशतीचे आणि सीमेवरून चाललेल्या सशस्त्र प्रतिकाराचे गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले.

सातवा निजाम मात्र १९५६ पर्यंत तिरंग्याखाली हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता.