पायोडर्मा गँग्रिनोसम

पायोडर्मा गँग्रिनोसम हा त्वचेवर खोल व अतिशय वेदनादायक व्रण निर्माण करणारा दुर्मीळ दाहजन्य विकार आहे. दरवर्षी दहा लाख लोकांमागे सुमारे ३ ते १० जणांना तो होतो, असा अंदाज आहे. १९३० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ब्रुन्स्टिंग, गोकरमन आणि ओलिअरी यांनी त्याला हे नाव दिले, तेव्हा स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंवर संशय होता. तो पुढे खोटा ठरला, पण नाव टिकले आणि आजही दिशाभूल करते. हा आजार जंतुसंसर्ग नाही, गँग्रीन नाही आणि एकापासून दुसऱ्याला होतही नाही.

आरंभी बहुधा पोटरीवर किंवा नडगीवर लहानशी पुळी येते. ती फुटून व्रण काही दिवसांतच पसरतो. त्याची कड जांभळट व आतून पोखरलेली असते. सुमारे निम्म्या रुग्णांना आतड्याचा दाह, संधिवात किंवा रक्ताचा विकार असतो.

'''निदान'''

कोणत्याही एका चाचणीने निदान होत नाही. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी पायाची जखम भरत नसली की मधुमेह, नसांचे विकार, सर्पदंश, क्षय, कुष्ठरोग यांचा विचार आधी होतो आणि तो योग्यच आहे, कारण ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. मात्र मधुमेह व कुष्ठरोगातील तळपायाचा व्रण सहसा दुखत नाही. या आजारात वेदना जखमेच्या आकाराच्या मानाने फार तीव्र असते. कडेची बायॉप्सी आणि जंतू, क्षय व बुरशी यांची तपासणी करून इतर कारणे वगळावी लागतात. उलट चूकही घडते: २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हाच आजार समजल्या गेलेल्या ९५ रुग्णांचे व्रण प्रत्यक्षात अन्य कारणांचे निघाले. संसर्ग असताना स्टेरॉइड दिल्यास तो बळावतो.

'''उपचार'''

जंतुसंसर्ग समजून सडलेला भाग कापून काढल्यास व्रण बऱ्याचदा आणखी वाढतो, कारण अनेक रुग्णांत त्वचेला झालेली इजाच नव्या व्रणाला निमित्त होते. मुख्य उपचार प्रेडनिसोलोन किंवा सायक्लोस्पोरिन यांचा आहे. ब्रिटनमधील २०१५ च्या चाचणीत दोन्ही औषधांनी सहा महिन्यांत जवळपास निम्म्या रुग्णांचे व्रण भरले. त्यामुळे निवड रुग्णाचा रक्तदाब, मधुमेह व मूत्रपिंडे पाहून होते. गुण न आल्यास इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे वापरतात, मात्र त्याआधी सुप्त क्षयाची तपासणी आवश्यक असते. मलमपट्टी हळुवार व न चिकटणारी असावी.

व्रण भरल्यावर चाळणीसारखे वण राहतात. आजार उलटू शकतो. म्हणून पुढे कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी शल्यचिकित्सकाला त्याची माहिती देणे आवश्यक असते.